गुलमर्गच्या दोरीपलीकडे: हिमस्खलनाचा धोका ओळखण्याची पहिली तयारी

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला कुठे जपून पाऊल टाकायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या किंवा अलंग-मदनवरचे दोर लावून चढायचे टप्पे समोर आले की हात आपोआप खोबण शोधू लागतात, आणि एकदा माथ्यावरच्या मोकळ्या उतारावर पोचलो की जीव भांड्यात पडतो. बर्फात हीच सवय घात करते. साठ-सत्तर अंशांच्या भिंतीवर बर्फ फारसा साठतच नाही, पडता पडताच तो थोडाथोडा घसरून जातो. माणसांचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या, त्यातही ३८ अंशांच्या आसपासच्या उतारांवर सुटतात. म्हणजे नेमक्या त्या प्रशस्त, गुळगुळीत उतारांवर, जिथे आपण निर्धास्तपणे फोटो काढायला थांबतो.

गुलमर्गला स्कीइंगचा एखादा कोर्स केलेल्या किंवा उत्तराखंडात एक-दोन हिवाळी ट्रेक केलेल्या आणि आता आखलेल्या वाटेबाहेर जाऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. उदाहरण गुलमर्गचेच घेतले आहे, कारण तिथला गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारा पाळणा, माणसाला फार सहज फार उंचावर नेऊन सोडतो. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे, पहिला टप्पा कोंगदूरीला संपतो आणि दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. एरवी एवढी उंची गाठायला दोन दिवस लागले असते आणि त्या दोन दिवसांत बर्फ पायाखाली कसा वागतो आहे हे आपोआप कळले असते. इथे पाळण्याचे दार उघडते आणि आपण थेट मोठ्या डोंगरावर उभे असतो. वरच्या स्थानकाजवळचा ठरावीक भाग स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाच्या, देखरेखीखाली असतो आणि तिथला धोकादायक बर्फ स्फोटके लावून मुद्दाम पाडला जातो. त्या भागाच्या कडेची दोरी ओलांडली की पुढच्या उताराची जबाबदारी कुणाचीही नसते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खिलनमर्गच्या वर एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला.

एक गैरसमज आधीच दूर करतो. चित्रपटांत दाखवतात तसे ओरडल्याने हिमस्खलन होत नाही. ज्या हिमस्खलनांत हौशी माणसे सापडतात, त्यांतली दहापैकी सुमारे नऊ त्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात. ही बातमी वाईट आहे तशी चांगलीही, कारण जे आपल्यामुळे घडते ते टाळणेही बरेचसे आपल्याच हातात राहते.

आधी बर्फाची रचना समजून घ्यावी

डोंगरावर दिसणारा पांढरा थर एकसंध नसतो. पश्चिमी झंझावात येतो, दोन-तीन दिवस हिमवर्षाव होतो, मग आकाश निवळते, कडाक्याची थंडी पडते, वारा सुटतो आणि पुन्हा पुढचा झंझावात येतो. या प्रत्येक घटनेचा एकेक थर खाली जमा होत जातो आणि मोसमाच्या शेवटी सगळा हिवाळा एकावर एक रचलेला मिळतो. धोका निर्माण होतो तो कणखर थराखाली कमकुवत थर आला की. फरशीखाली सिमेंटऐवजी नुसता रवा पसरला असेल तर सपाट जमिनीवर काही बिघडणार नाही, पण तीच फरशी तिरकी केली आणि कुणी तिच्यावर उभे राहिले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. वरच्या या कणखर थराला आपण ‘लादी’ म्हणू. लादीचे स्खलन सुटते तेव्हा पायाखालचा चिमूटभर बर्फ सरकत नाही. कमकुवत थरात तडा जातो, तो क्षणात दूरवर पळतो आणि अख्खा उतार एकदम सुटतो. २० मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड एवढीशी लादीसुद्धा, घनमीटरला २०० किलो धरले तरी, ६० टनांची भरते आणि काही सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग सहज ओलांडते.

कमकुवत थर कसा तयार होतो हे एका छोट्या हिशेबाने नीट समजते. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान बहुधा शून्य अंशाच्या जवळपास टिकून राहते, तर स्वच्छ रात्री पृष्ठभाग उणे १५ अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा १५ अंशांचा फरक दोन मीटरांत विभागला जातो, म्हणजे दर १० सेंटिमीटरला एक अंशापेक्षाही कमी. अशा बर्फातले कण गोलसर होत एकमेकांना चिकटतात आणि थर हळूहळू मजबूत होतो. पण बर्फ अर्धाच मीटर असेल तर तोच फरक दर १० सेंटिमीटरला तीन अंश पडतो. मग खालची वाफ वर सरकू लागते, कणांना कडा व कोपरे फुटतात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि तळाशी जाड दाण्याच्या साखरेसारखा बर्फ उरतो. इंग्रजीतून शिकलेले स्कीपटू त्याला ‘शुगर स्नो’ म्हणतात. मूठभर घेऊन त्याचा गोळा करायला जावे तर तो बोटांमधून ओघळून जातो.

म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोकाही कमी’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जातात, थंडीचा सर्वांत कडक काळ तो. या दिवसांत बर्फ थोडा आणि आकाश कोरडे राहिले तर तळाशी साखर तयार होत राहते, आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मोठा हिमवर्षाव झाला की त्या साखरेवर लादी चढते. पर्यटक ज्या ताज्या बर्फाची वाट पाहत हॉटेलात बसलेले असतात, तोच हा बर्फ.

कमकुवत थराचा दुसरा प्रकार पृष्ठभागावर तयार होतो. शांत, निरभ्र रात्री बर्फावर दहिवर गोठते आणि सकाळी उन्हात पिसांसारखे चमकणारे नाजूक स्फटिक दिसतात. दिसायला ते फार सुंदर असतात आणि त्यावरून स्की चालवताना बारीक किणकिण ऐकू येते. तसेच राहिले तर वारा किंवा ऊन त्यांना मोडून टाकते. पण न मोडता त्यांच्यावर पुढचा बर्फ पडला, तर तो दबलेला थर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, कमकुवतच राहतो आणि वरून त्याचा काहीही मागमूस लागत नाही.

वाऱ्याबद्दल नवखे सहसा विचारच करत नाहीत. हिमवर्षाव थांबला तरी वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकत राहतो, आणि आडोशाच्या उतारावर आकाशातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने भर पडते. धारेवरून पांढरा धुरळा उडताना दिसणे, कड्याच्या ओठावर बर्फाचे छज्जे लोंबणे, उतारावर उशीसारखा फुगवटा येणे आणि चालताना पायाखाली ढोलासारखा पोकळ आवाज येणे, या त्याच्या खुणा आहेत. आकाश निळेशार असतानाही धोका वाढत असू शकतो तो असा.

निघण्यापूर्वी: साहित्य आणि सराव

तीन वस्तू प्रत्येकाकडे असल्याच पाहिजेत: हिमस्खलन-बीकन, प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, आणि धातूचे फावडे. ‘प्रत्येकाकडे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण माझे फावडे माझ्या कामाचे नसते, ते माझ्या सोबत्याला काढण्यासाठी असते. माझा जीव त्याच्या फावड्यावर अवलंबून असतो. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहते आणि शोधाच्या स्थितीत टाकले की दुसऱ्या बीकनचा संदेश पकडते. ते पाठपिशवीत ठेवू नये, वरच्या जॅकेटच्या आत पट्ट्यांनी अंगाला बांधावे, कारण बर्फाच्या लोंढ्यात पाठपिशवी निघून जाऊ शकते. मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना किमान अर्धा मीटर लांब असावा. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर बॅटऱ्या अल्कलाइनच घ्याव्यात; रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांत किती चार्ज उरला आहे याचा अंदाज चुकतो.

बीकन भाड्याने घेताना माझी एकदा चांगलीच फजिती झाली होती. दुकानदाराने हातात दिलेले यंत्र चालू होत होते, दिवा लागत होता, बॅटरीचा आकडाही बरा दिसत होता, पण हॉटेलच्या अंगणात मित्राचे बीकन बर्फात पुरून शोधायला गेलो तर एका बाजूला वळल्यावर बाण पडद्यावरून नाहीसा होई. तासभर उजेड हाताशी होता म्हणून यंत्र बदलून मिळाले. तेव्हापासून भाड्याचे यंत्र दुकानासमोरच दोन्ही स्थितींत, सर्व दिशांना वळवून तपासल्याशिवाय मी पैसे देत नाही.

बाहेरून जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड जोडणी किंवा स्थानिक सिम नसेल तर धोक्याची सूचना तुमच्यापर्यंत पोचणारही नाही. आणि परदेशातून येणाऱ्यांनी उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे किंवा फोन सामानात टाकून आणू नयेत. भारतात ती विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकण्याची वेळ येते.

पुस्तक किंवा लेख वाचून सराव होत नाही, हाही अपवाद नाही. पहलगामची जवाहर पर्वतारोहण संस्था, उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था किंवा गुलमर्गमधलीच भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, यांपैकी कुठेही शिकण्याची संधी मिळाली तर घ्यावी. कोलोरॅडो, ब्रिटिश कोलंबिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दोन-तीन दिवसांचे खास हिमस्खलन-अभ्यासवर्ग जवळच मिळतात.

सकाळचे पहिले काम: इशारा वाचणे

भारतात हिमस्खलनाचे अंदाज संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था, म्हणजे ‘डीजीआरई’, देते. मनालीत १९६९ साली सुरू झालेल्या हिम व हिमस्खलन अभ्यास संस्थेचे, जुन्या गिर्यारोहकांच्या तोंडी असलेल्या ‘सासे’चे, २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी विलीनीकरण होऊन ही संस्था झाली. तिचे इशारे जिल्हावार असतात, पुढच्या २४ तासांसाठी असतात आणि त्यात बहुधा कोणत्या उंचीच्या वर धोका आहे हे दिलेले असते. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे तेच पुढे प्रसारित करतात.

हा इशारा किती गंभीरपणे घ्यावा याचे उदाहरण फार जुने नाही. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी चमोलीसह उत्तराखंडातल्या काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा दिला गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, सुमारे ३,२०० मीटरवरच्या माणा गावाजवळ, सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. त्यात सापडलेल्या ५४ कामगारांपैकी आठ जण दगावले. ती माणसे कामावर होती, त्यांना निवड नव्हती. हौसेने जाणाऱ्याला ती असते.

धोक्याच्या पाच पातळ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि अतितीव्र. नवखे तिसऱ्या पातळीला परीक्षेतल्या पन्नास टक्के गुणांसारखे समजतात आणि तिथेच चूक होते. प्रत्येक पायरीवर धोका सारख्या प्रमाणात वाढत नाही, तो झेप घेतो. तिसऱ्या पातळीचा अर्थ एवढाच की मोठे स्खलन आपोआप होईलच असे नाही, पण एकाच माणसाच्या वजनाने होऊ शकते. युरोपच्या अनुभवात सर्वाधिक मृत्यू याच पातळीवर होतात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरीच बसतात. नवख्याने पहिल्या दोन मोसमांत तिसऱ्या पातळीला ३० अंशांहून तीव्र उताराच्या वर, खाली किंवा अंगावर जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक अडचणही ध्यानात ठेवावी: जिल्हाभरासाठी दिलेला इशारा अफरवटच्या अमुक एका नाळेबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी स्की पेट्रोलकडे आणि स्थानिक वाटाड्यांकडे चौकशी करावी, आणि ‘आज जाता येईल का’ असे न विचारता ‘आज तुम्ही कुठे जाणार नाही’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे जास्त खरी मिळतात.

कोन मोजणे: जे खात्रीने कळते ते

बर्फाच्या थरांबद्दल अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो, कारण दहा पावलांवर थर बदललेले असू शकतात. उताराचा कोन मात्र खोटे बोलत नाही. तो मोजता येतो आणि दुपारपर्यंत तोच राहतो. म्हणून नवख्याने आपला निर्णय थरांवर न बेतता कोनावर बेतावा; थरांचा अभ्यास करावा तो शिकण्यासाठी आणि माघार घेण्यासाठी, पुढे जाण्याची परवानगी मिळवण्यासाठी नव्हे. बाकी सगळे विसरले तरी एवढे लक्षात राहावे म्हणून हे इथे ठळकपणे मांडत आहे.

कोन मोजायला मोबाइलमधले कोनमापक पुरते, पण हातमोजे काढायची इच्छा नसेल तर सारख्या लांबीच्या दोन स्की-काठ्याही चालतात. एक काठी बर्फावर सरळ उभी धरावी. दुसरी तिला काटकोनात, आडवी, चढाच्या दिशेने धरावी आणि तिचे टोक बर्फाला नेमके टेकेपर्यंत वर-खाली सरकवावी. टोक टेकते तेव्हा आडवी काठी उभ्या काठीच्या बरोबर मध्यावर असेल, तर उतार सुमारे २७ अंशांचा आहे. मध्याच्या वर असेल तर आपण धोक्याच्या पट्ट्याकडे सरकलो आहोत. आणि थेट माथ्याशी असेल तर ४५ अंश. ही मोजणी त्या उतारावर जाऊन नव्हे, शेजारच्या सुरक्षित पण तशाच ठेवणीच्या तुकड्यावर करावी. उतार रंगवून दाखवणारे डिजिटल नकाशे आदल्या रात्री बेत आखायला उत्तम, पण त्यांतले बरेचसे सुमारे ३० मीटरच्या चौकटींवर आधारलेले असल्याने दहा-पंधरा मीटरचा लहानसा तीव्र उंचवटा त्यांत सरासरीत विरघळून जातो, आणि माणसाला गाडायला तेवढा उंचवटा पुरतो.

आपण सौम्य उतारावर आहोत एवढ्याने भागत नाही. आपल्या डोक्यावर काय आहे तेही पाहावे लागते, कारण वर सुटलेला लोंढा खालच्या सपाटीवर दूरवर येतो. त्याचप्रमाणे लोंढा लहान असला तरी तो माणसाला कुठे नेऊन टाकेल याचा विचार करावा. खाली अरुंद नाळ असेल तर थोडाच बर्फ खोल साठतो, देवदारांची रांग असेल तर झाडांवर आपटून माणूस मरतो, आणि कडा असेल तर बोलायलाच नको. लादी बहुधा जिथे उतार बाहेरच्या बाजूला फुगतो तिथे, किंवा वर डोकावणाऱ्या खडकांच्या आसपास, बर्फ पातळ असतो तिथे सुटते. त्यामुळे खडकाजवळ थांबणे सुरक्षित वाटते तितके नसते.

खड्डा खणून थर पाहणे

ज्या दिशेच्या आणि उंचीच्या उतारावर जायचे आहे, तशाच दिशेचा, पण ३० अंशांहून सौम्य आणि वर काही टांगलेले नसलेला तुकडा निवडावा. प्रोब खुपसून खोली पाहावी आणि सुमारे सव्वा मीटर खोल खड्डा खणून चढाकडची भिंत फावड्याने गुळगुळीत तासावी. मी पहिला खड्डा खणला तेव्हा भिंत मला नुसतीच पांढरी दिसली होती. सोबतच्या वाटाड्याने हातमोजा घातलेले बोट वरून खाली सावकाश फिरवायला लावले आणि जिथे ते आपसूक आत गेले तिथे थांबवले. सुमारे साठ सेंटिमीटरवर, दोन बोटांच्या जाडीचा, राखाडी झाक असलेला एक पट्टा होता. तिथले दाणे त्याने माझ्या काळ्या बाहीवर झाडले आणि ते एकमेकांना न चिकटता मिठाच्या खड्यांसारखे घरंगळून गेले.

थरांची कणखरता हातानेच मोजतात. हलक्या दाबाने मूठ आत जाते तो सर्वांत मऊ थर. त्यानंतर चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि शेवटी सुरी, असा क्रम. एक बोट किंवा पेन्सिलच जाईल अशा थराखाली मूठ जाणारा थर सापडला, तर लादी आणि रवा दोन्ही हजर आहेत असे समजावे.

पुढची परीक्षा स्तंभाची. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल स्तंभ चारही बाजूंनी सुटा करावा, वर फावड्याचे पाते आडवे ठेवावे आणि त्यावर आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा आणि शेवटी खांद्यातून दहा थापा माराव्यात. कितव्या थापेला स्तंभ तुटला ही नोंद घ्यावी, पण त्याहून तो कसा तुटला हे महत्त्वाचे. टेबलाचा खण ओढावा तसा तुकडा एकदम, स्वच्छ पृष्ठभागावरून बाहेर सरकला तर ती वाईट खूण आहे. ९० सेंटिमीटर रुंदीचा लांबट स्तंभ करून एकाच टोकाला थापा मारल्या तर तडा पसरतो की नाही हेही कळते. ज्या थापेला तडा गेला त्याच किंवा लगेच पुढच्या थापेला तो दुसऱ्या टोकापर्यंत पोचला, तर त्या दिवशी तीव्र उतार बंद. आणि काहीच तुटले नाही तर? तर एवढेच कळले की या एका जागी तुटले नाही.

खड्ड्यापेक्षाही मोठा पुरावा डोंगर फुकट देत असतो आणि त्यासाठी फावडे लागत नाही. शेजारच्या उतारांवर कालपरवा सुटलेली स्खलने. चालताना पायाखालचा बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून खचणे. स्कीच्या टोकापासून काचेसारखी तड पळत जाणे. २४ तासांत ३० सेंटिमीटरहून जास्त ताजा बर्फ. बर्फावर पडलेला पाऊस. एकाएकी वाढलेला उबारा. यांतली पहिली तीन लक्षणे दिसल्यावर चर्चेला जागा उरत नाही, आल्या पावलांनी मागे फिरावे. मार्च-एप्रिलमध्ये नियम थोडा बदलतो: रात्री पृष्ठभाग गोठला नसेल किंवा सकाळी दहाच्या सुमारास बूट नडगीपर्यंत रुतू लागले, तर उन्हाकडचे उतार सोडून खाली यावे.

प्रत्यक्ष उतारावर

संशयास्पद उतार एका वेळी एकानेच ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. सगळ्यांनी एकत्र थांबायचे तर उताराच्या मध्यात नव्हे, कडेच्या धारेवर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवावेत, कारण अडकलेली काठी हाताला खाली ओढते. निघतानाच सर्वांत कमी अनुभवी माणसाला ‘नको’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार द्यावा आणि त्याने कारण सांगण्याची गरज ठेवू नये. आठवड्याची सुट्टी, विमानाचे तिकीट, पुढे गेलेल्या दुसऱ्या गटाच्या स्कीने बर्फात उमटलेल्या रेघा, यांतले काहीही बर्फाला ठाऊक नसते. दुसऱ्यांच्या रेघांबद्दल थोडे अधिक सांगतो: पाच जण उतरून गेले म्हणजे उतार तपासला गेला असे नाही, सहाव्याचे वजन पातळ जागेवर पडू शकते.

लोंढा आलाच तर

अडकलेल्याने ओरडावे, काठ्या सोडाव्यात, कडेला निसटण्याचा प्रयत्न करावा, ते जमले नाही तर हातपाय मारत पृष्ठभागाजवळ राहावे आणि वेग मंदावू लागताच एक हात तोंडासमोर आणावा. बर्फ थांबला की तो आवळतो आणि नंतर बोटही हलत नाही.

बाकी सर्व काम सोबत्यांचे. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते; त्यानंतर ती झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासापर्यंत तिच्या एक तृतीयांशावर येते. सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नायक हणमंतप्पा सुमारे २५ फूट बर्फाखालून सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, हे अनेकांना आठवत असेल. काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. ती असामान्य घटना होती आणि तिच्यावर कुणीही हिशेब बांधू नये. खालून मदत येईपर्यंत दहा मिनिटे कधीच संपलेली असतात.

म्हणून क्रम पाठ असावा. नव्या स्खलनाचा धोका आहे का ते पाहावे, किती जण दिसत नाहीत ते मोजावे, माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा लक्षात ठेवावी आणि सर्वांनी बीकन शोधाच्या स्थितीत टाकावे. एकाचे जरी संदेश सोडत राहिले तरी शोध भरकटतो. शेवटच्या दिसलेल्या जागेपासून खाली, डोळ्यांनी हातमोजा किंवा स्की दिसते का पाहत झपाट्याने जावे. संदेश मिळाला की बाण आणि कमी होणारा आकडा यांच्यामागे जावे, पण दहा मीटरच्या आत आल्यावर वेग कमी करावा आणि तीन मीटरच्या आत बीकन बर्फाला जवळजवळ टेकवून, त्याचे तोंड न फिरवता, आधी सरळ आणि मग आडवे सरकवत सर्वांत लहान आकडा शोधावा. त्या जागी प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसावी आणि लागले नाही तर २५ सेंटिमीटर अंतर राखत चक्राकार बाहेर जावे. माणूस लागला हे हाताला लगेच कळते: जमीन टणक लागते, माणूस किंचित दबतो. लागलेली प्रोब काढू नये.

खणायला प्रोबपाशी सुरुवात करू नये. उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून, आडवे आत जावे, म्हणजे बर्फ उचलावा लागत नाही, मागे लोटता येतो. स्थिरावलेल्या बर्फाचा एक घनमीटर ४०० किलोच्या आसपास भरतो आणि त्यावर प्लॅस्टिकचे फावडे वाकते. दोघेतिघे असतील तर एकाने पुढे कापावे, मागच्यांनी बर्फ लोटत राहावे आणि मिनिटाभराने जागा बदलावी. डोके दिसताच आधी तोंड आणि छाती मोकळी करावी, श्वास पाहावा, पाय नंतर.

हे सारे गुलमर्गच्या सपाट मैदानावर, संध्याकाळच्या तासाभरात, एक बीकन पिशवीत घालून पुरून घड्याळ लावून करता येते. पहिल्या प्रयत्नाला आमच्या तिघांना एकोणीस मिनिटे लागली होती, चौथ्याला सात. बीकन बंद करायचे ते गटातला शेवटचा माणूस खाली पोचल्यावरच, आणि मोसम संपला की त्यातल्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या, नाहीतर पुढच्या डिसेंबरात डबी उघडल्यावर आत हिरवट बुरशीसारखा क्षार जमलेला दिसतो.